गाभा, नाभी, केंद्रक

शास्त्रीय परिभाषेचे काम ज्यांनी दुरूनच पाहिले आहे त्यांची अशी समजूत असते की, कोणी एक विद्वान कोश उघडून बसतो, परकीय शब्दाच्या मुळाशी जाऊन त्याचा धातू शोधतो, त्या धातूला साजेसे उपसर्ग-प्रत्यय जोडतो, आणि सायंकाळपर्यंत एक नवा शब्द तयार होऊन छापखान्याकडे रवाना होतो. ज्या दफ्तरात मी हे काम कित्येक वर्षे केले, तेथली रीत याहून पुष्कळच निराळी होती. तेथे शब्द जन्माला येत नसत, दाखल होत. बारनिशीत त्यांची नोंद होई, त्यांवर टिपणे चढत, टिपणांवर शेरे पडत, शेऱ्यांवर खुलासे मागवले जात, आणि एखादा शब्द अखेर मंजूर होईपर्यंत त्याच्या परकीय पूर्वजांची आम्हांस इतकी ओळख झालेली असे की, ती सारी टाकून देऊन कोशात एकच ओळ लिहावयाची, याचे थोडे वाईटच वाटे. ‘न्यूक्लिअस’ हा अशा शब्दांपैकी एक. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक असलेला मी प्रतिनियुक्तीवर त्या दफ्तरात रुजू झालो, तेव्हा या शब्दाचे प्रकरण आधीच जाडजूड झालेले होते, आणि भौतिकी, रसायन, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वैद्यक व ज्योतिष या सहा उपसमित्यांनी त्यावर आपापला हक्क सांगितलेला होता.

हक्क सांगण्याजोगाच तो शब्द आहे. लॅटिन भाषेत ‘नुक्स’ म्हणजे कठीण कवचाचे फळ, अक्रोड-बदामांच्या जातीचे. त्याचे लघुत्वदर्शक रूप होऊन ‘न्यूक्लिअस’ म्हणजे त्या कवचाच्या आतला गर, किंवा फळातली आठळी. रोमन लोकांच्या स्वयंपाकघरातला हा शब्द अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला तो आकाशातून: धूमकेतूच्या शेंडीआड जो घट्ट तेजस्वी भाग दुर्बिणीतून दिसे, त्याला ज्योतिषी या नावाने ओळखू लागले. शेंडीचे तेज ओसरले तरी आत काही टणक शिल्लक असावे, ही कल्पना त्या नावात होती. आणि १९८६ साली जोत्तो या यानाने हॅली धूमकेतूजवळून जाऊन छायाचित्रे धाडली तेव्हा ती खरीही ठरली, कारण सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, कोळशासारखा काळा, ओबडधोबड असा एक गोळा त्या सर्व तेजाच्या पोटात निघाला. दुर्बिणीतून जे तेजस्वी म्हणून ‘न्यूक्लिअस’ समजले जाई, ते त्या गोळ्याभोवतीचे धुळीचे व वायूचे आवरण होते, हा भाग वेगळा.

माझ्या शास्त्रात हा शब्द आला तो रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातून. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड चळवळीला ज्याचे नाव मिळाले तोच हा ब्राउन. आमरांच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलांत फलन कसे होते याचा शोध घेत असताना त्याला पानांच्या वरच्या त्वचेतील प्रत्येक पेशीत एक गोलसर, किंचित अपारदर्शक ठिपका दिसला, आणि १८३१ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने त्याची नोंद केली. हा ठिपका पाहणारा तो पहिला नव्हे. लेव्हेनहुकने माशाच्या रक्तपेशींत तसे काही पाहिले होते, आणि फ्रान्झ बाउअर या चित्रकाराने १८०२ साली आपल्या चित्रांत तो काढूनही ठेवला होता. ब्राउनचे श्रेय असे की, हा ठिपका अपघाताने आलेला नसून पेशीचा नेहमीचा अवयव आहे हे त्याने ओळखले. त्याला नाव देताना मात्र तो मोठा संकोचलेला दिसतो: आधी तो त्यास ‘अरिओला’, म्हणजे लहानशी मोकळी जागा, म्हणतो, आणि मग, म्हणावयाचेच तर याला न्यूक्लिअसही म्हणता येईल, अशा बेताने दुसरे नाव पुढे ठेवतो. ज्या शब्दावर पुढे अर्धे जीवशास्त्र उभे राहिले, तो असा दबकत दबकत शास्त्रात शिरला, हे आमच्या दफ्तरातल्या कित्येक आवेशपूर्ण टिपणांच्या पार्श्वभूमीवर मला फार शहाणपणाचे वाटले. योगायोग असा की, त्याच १८३१ साली मुंबईस मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. एका माणसाला लंडनमध्ये पेशीतल्या ठिपक्यासाठी शब्द सापडत नव्हता, आणि दुसरा आमच्याकडील कुणबी-माळ्यांच्या तोंडून आठळी, कोय, बाठा, गर, मगज, गाभा अशी शब्दांची रास गोळा करून छापीत होता.

ती रास आमच्या प्रकरणात प्रथम कोणी आणली असेल तर ती विद्वानांनी नव्हे, आमच्या मुख्य कारकुनांनी. सारे दफ्तर त्यांना अण्णा म्हणे. रत्नागिरीकडचे, वयाने आम्हां सर्वांहून वडील, टंकलेखनास आलेले प्रत्येक टिपण ते वाचूनच पुढे धाडीत, आणि त्यांचा शेरा कागदावर नसला तरी चहाच्या वेळी तोंडी मिळे. एकदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याची पारदर्शक साल मी त्यांना दाखविली. आयोडिनने पिवळसर झालेल्या त्या विटांसारख्या पेशींतले गडद ठिपके त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि डोळा न काढताच म्हणाले, “सर, हा तर फणसाचा गरा नि त्यातली आठळी. यासाठी तुम्ही एवढे कागद काळे करताय होय?”

त्या वेळी मी हसलो, पण ही उपमा जितकी गमतीची तितकीच ती बिनचूकही होती. जगातील बहुतेक भाषांनी नेमके अण्णांचेच ऐकले आहे. जर्मनांचा ‘केर्न’ म्हणजे फळातली बी, आणि अणुकेंद्रीय भौतिकीस ते ‘केर्न-फिझिक’ म्हणतात. फ्रेंचांचा ‘न्वायो’ म्हणजे आठळी. रशियनांचे ‘यद्रो’ म्हणजे गर. अरबांनी यासाठी घेतलेला ‘नवात’ हा शब्द खजुराच्या बीचा. इराणी ‘हस्ते’ म्हणजेही कोय. आणि चिनी व जपानी लोक ज्या एका चित्राक्षराने अणूचे व पेशीचे न्यूक्लिअस लिहितात, त्याचाही मूळ अर्थ फळातली टणक बी हाच आहे. ग्रीकांकडे वळावे तर ‘कारिऑन’ म्हणजे अक्रोड. त्यावरून स्पष्ट केंद्रक असलेल्या सजीवांना ‘युकॅरिओट’ आणि नसलेल्यांना ‘प्रोकॅरिओट’ असे म्हणतात. तमिळ भाषेने मात्र ‘करु’ हा शब्द घेतला, ज्याचा अर्थ गर्भ. सारांश, बहुतेकांनी फळ फोडून पाहिले, काहींनी गर्भ आठवला, आणि आम्ही मराठीने व आमच्या शेजारणीने, हिंदीने, भूमितीची व रथचक्राची वाट धरली. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी प्रकरणातील पुढची पाने पाहिली पाहिजेत.

मराठीत या अर्थाचे शब्द नाहीत म्हणून आम्ही केंद्राकडे वळलो असे कोणी म्हणेल तर ते सत्य नव्हे. अडचण उलटी होती. शब्द होते, परंतु त्यांतला प्रत्येकजण आधीच कोठे ना कोठे नोकरीस लागलेला होता. ‘बीज’ घ्यावे तर बीजांड, बीजाणू, बीजपत्र ही वनस्पतिशास्त्राची सारी वतनदारी त्याच्याकडे, शिवाय गणितात बीजगणित. ‘गाभा’ हा मला स्वतःला अतिशय प्रिय असलेला शब्द. संस्कृत गर्भापासून प्राकृताच्या वाटेने आलेला, गाभारा, गाभण, गाभोळी ही त्याची भावंडे, आणि केळीचा सोप सोलत गेल्यावर शेवटी जे पांढरेशुभ्र हाती येते त्याचे नाव. पण तो भूगोलाने पृथ्वीच्या पोटासाठी केव्हाच नेमून घेतला होता, आणि अणुभट्टीच्या व विद्युच्चुंबकाच्या अंतर्भागासाठीही अभियंते त्याला मागत होते. ‘मगज’ हा फारसी पाहुणा मेंदू आणि खरबुजाच्या बिया या दोन ठिकाणी इतका रमला होता की तिसरीकडे जाईना. ‘आठळी’चे मूळ संस्कृतातील ‘अष्ठि’त आहे, तेव्हा कुलशीलाच्या कारणावरूनही तिला नाकारण्याचे कारण नव्हते, तरी फणस ज्यांनी खाल्ला आहे त्यांना, अणूची आठळी असे भर वर्गात म्हणताना हसू आवरणार नाही, या भीतीने ती मागे पडली. ही भीती मला अजूनही पटत नाही. जर्मन विद्यार्थी केर्न म्हणताना हसत नाहीत; शब्द चार वर्षे परीक्षेत विचारला की त्यातले हसू आपोआप जाते.

मग राहिली ‘नाभी’. आमच्या समितीवर एक शास्त्रीबुवा होते, व्याकरणाचे व वेदाचे गाढे जाणकार, आणि त्यांचा सारा कल या शब्दाकडे होता. नाभी म्हणजे बेंबी, तशीच चाकाचा तुंबाही, ज्यात आरे बसवलेले असतात. वेदांत आणि उपनिषदांत ही उपमा किती ठिकाणी आली आहे, हे ते स्थळनिर्देशांसह सांगू लागले की बैठकीचा वेळ कसा जाई ते कळत नसे. इंग्रजीत चाकाच्या तुंब्याला जो शब्द आहे तो आणि आमची नाभी हे दूरचे भाईबंद आहेत, हेही त्यांनी आवर्जून नोंदवून ठेवले. हिंदीने तर ‘नाभिक’ हा शब्द या अर्थी स्वीकारलेलाच होता, आणि सर्व भारतीय भाषांत एकच परिभाषा असावी या धोरणाचे कागद दिल्लीहून येत असत. पण मराठीत नाभीला दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली ही की, प्रकाशशास्त्रात आणि शांकव भूमितीत नाभी हा शब्द आधीच कायम झाला होता. भिंगाचे नाभीय अंतर, विवृत्ताच्या दोन नाभी, हे सारे मराठी शाळांतून शिकवले जात होते. हा अर्थ पाश्चात्त्यांकडे केप्लरने १६०४ साली ज्या लॅटिन शब्दाने बसवला त्याचा अर्थ चूल, आणि आमच्या पूर्वसूरींनी चुलीच्या जागी नाभी आणली, ही मोठी सुरेख निवड होती. ती मोडणे कोणालाच रुचेना. दुसरी गोष्ट अशी की, नाभिक हे महाराष्ट्रात एका समाजाचे प्रतिष्ठित नाव आहे. एखाद्या समाजाचे नाव पाठ्यपुस्तकात अणूच्या अंतर्भागासाठी वापरणे आणि मग त्या समाजातील मुलाने वर्गात ते ऐकणे, हा विचार पुढे येताच शास्त्रीबुवांनी स्वतःच आपली सूचना मागे घेतली. त्या माणसाचे मोठेपण मी तेव्हा ओळखले. व्याकरणाने योग्य असलेला शब्द व्यवहाराने अयोग्य ठरू शकतो, हे मान्य करणारा वैयाकरण मला त्यानंतर फारसा आढळला नाही.

हिंदीबरोबरच्या या पत्रव्यवहारात आणखी एक घोळ होता, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण, ज्याच्या अंतरंगात हे न्यूक्लिअस असते, आणि अनेक अणूंचा मिळून रेणू होतो. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. तेव्हा दिल्लीच्या कागदात ‘अणु’ असे आले की मुंबई-पुण्याचा मनुष्य एक पायरी खाली उतरे, आणि आमच्या कागदात तोच शब्द वाचून तिकडचा मनुष्य एक पायरी वर चढे. पेशी या शब्दाचेही तसेच. मराठीत ती सजीवांच्या शरीराची वीट, हिंदीत स्नायू, आणि कचेरीच्या हिंदीत न्यायालयापुढील तारीख. अण्णांना यातला शेवटचा अर्थ फार आवडला होता.

अखेरीस जो शब्द सर्वांच्या पुढ्यात उरला तो केंद्र. त्यावर शास्त्रीबुवांची तक्रार नव्हती, कारण तो शुद्ध संस्कृत आहे अशी त्यांची धारणा होती, आणि फारसी ‘मर्कज’पेक्षा तो बरा, असा एक शेराही कोणीतरी मारून ठेवला होता. येथे प्रकरणातील सर्वांत मनोरंजक टिपण सुरू होते, आणि ते ज्योतिषाच्या उपसमितीकडून आले होते. ज्योतिषाचे जाणकार गृहस्थ म्हणाले, केंद्र हा शब्द संस्कृत वाङ्मयात आहे खरा, पण तो तेथे पाहुणा म्हणून आला आहे. त्याचे माहेर यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे. ग्रीकांचा ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचण्याची टोकदार वस्तू, बैलाच्या पराणीची आर. त्यावरून कर्कटकाचे जे टोक कागदात रोवले जाते ते, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. हाच शब्द लॅटिनमध्ये जाऊन युरोपचा ‘सेंटर’ झाला, आणि पूर्वेकडे येऊन जन्मपत्रिकेतील पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या स्थानांचे नाव आणि ग्रहगणितातील मंदकेंद्र झाला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ग्रंथांत असे यवन शब्द भरपूर आहेत. होरा, लिप्ता, जामित्र, द्रेष्काण हे सगळे तिकडचे, आणि राशींची क्रिय, तावुरि, जितुम, लेय ही नावे तर ग्रीक राशिनामांचे उघड उच्चार आहेत. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त हे यवनांचे ऋण किती आणि कोठवर, याची सविस्तर चर्चा करून ठेवली आहे. (ज्या डच पंडिताने वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ १८६५ साली कलकत्त्यास संपादून छापली, त्याचे आडनाव केर्न, म्हणजे आमचा हाच न्यूक्लिअस. प्रकरणात याची नोंद करण्याचा मोह मी आवरला, येथे आवरत नाही.)

हे टिपण वाचल्यावर बैठकीत जी शांतता पसरली तिची आठवण मला आजही गमतीची वाटते. ज्यांनी परकीय शब्दांविरुद्ध दंड थोपटले होते, त्यांच्या हातात अखेर एक ग्रीक शब्द उरला होता, आणि तोही केवळ दीड हजार वर्षांच्या वास्तव्यामुळे घरचा झालेला. मर्कज हाही अरबीत ‘रोवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला, म्हणजे कल्पना दोघांची एकच: कोणी भाला रोवला, कोणी आर टोचली, आणि जेथे टोचली ते मधले स्थान झाले. मग एकाला स्वकीय आणि दुसऱ्याला परकीय ठरविणारी वस्तू कोणती? मला त्या दिवसापासून असे वाटत आले आहे की, शब्दाच्या शुद्धतेचा वाद हा बहुधा आपल्या स्मरणशक्तीच्या लांबीचा वाद असतो. शास्त्रीबुवांनी मात्र टिपण परत करताना एवढेच लिहिले, की यवन ज्योतिषाचा सत्कार आमच्या पूर्वजांनी केला असेल तर आम्ही तो रद्द करणारे कोण. आणि खाली दस्तुरखुद्द सही.

केंद्राला ‘क’ हा प्रत्यय जोडून केंद्रक करावे, ही सूचनाही त्यांचीच. पुत्राचा पुत्रक होतो तसे हे लघुत्व. म्हणजे लहानसे केंद्र. लॅटिन शब्दातही असाच लघुत्वाचा अंश असल्याने ही जुळणी नामी झाली. त्याहून लहान जे काही केंद्रकाच्या पोटात असते, ज्याला पाश्चात्त्यांनी लघुत्वाचे आणखी एक रूप करून ‘न्यूक्लिओलस’ म्हटले, त्याला मराठीत केंद्रकी असे स्त्रीलिंगी नाव मिळाले.

भौतिकीवाले मात्र सहजासहजी वळले नाहीत. त्यांना ‘अणुगर्भ’ हवा होता, आणि त्यांची बाजू कमकुवत नव्हती. गर्भ म्हणजे जन्मास येणारे मूल एवढाच अर्थ नव्हे, ते म्हणत. गर्भगृहात काय जन्मते? हिरण्यगर्भ, अश्मगर्भी फळ, या सर्वांत गर्भ म्हणजे अंतर्भाग. मला स्वतःला अणुगर्भ हा शब्द कानाला अधिक भरदार वाटे, आणि मराठीतील कित्येक चांगल्या लेखकांनी तो वापरलाही आहे. परंतु अणूच्या बाबतीत इतिहास केंद्राच्या बाजूने होता. रदरफर्डच्या हाताखाली मँचेस्टरला गायगर व मार्सडेन यांनी १९०९ साली धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांवर आल्फा कण सोडून पाहिले, आणि त्यांतला सुमारे ८००० त एखादा सरळ माघारी उसळतो असे त्यांना आढळले, तेव्हा त्यावरून अणूचे चित्र मांडताना रदरफर्डने १९११ च्या निबंधात जो शब्दप्रयोग केला तो ‘मध्यवर्ती भार’ या अर्थाचा होता. न्यूक्लिअस हे नाव त्याने त्यानंतर घेतले. म्हणजे अणूचे न्यूक्लिअस प्रथम भूमितीतून, गणिताने, एका बिंदूवर एकवटलेला भार म्हणूनच अवतरले, आणि फळाचे नाव त्याला मागाहून चिकटले. अणूच्या आकाराच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असूनसुद्धा अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान पोटात घेणारी ही वस्तू खरोखरच मध्यभागी असते. तिला केंद्रक म्हणण्यात काही खोटे नाही. त्याच्याही आधी, १८४४ साली, फॅरडेने अणूसंबंधी लिहिताना शक्तींनी वेढलेल्या कठीण कणासाठी न्यूक्लिअस हा शब्द योजला होता, पण तो असा कण मानण्याची गरज नाही हे दाखविण्यासाठी!

जीवशास्त्राकडून भौतिकीने घेतलेले हे एकच उसने नव्हे. १९३९ साली युरेनियमचे केंद्रक दुभंगते हे स्पष्ट झाल्यावर ऑटो फ्रिशने कोपनहेगनमध्ये एका अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला विचारले की, जीवाणू दुभंगतात त्याला तुम्ही काय म्हणता, आणि त्याने सांगितलेला ‘फिशन’ हा शब्द उचलून केंद्रकाच्या दुभंगण्यास दिला. मराठीत आम्ही जीवाणूंकडे द्विविभाजन ठेवले आणि अणूकडे विखंडन, त्यामुळे हे नाते तुटले. न्यूक्लिअसच्या बाबतीत तरी ते तुटू नये, अणूकडे अणुकेंद्रक व पेशीकडे केंद्रक असावे, म्हणजे विद्यार्थ्याला दोन्हीकडे एकच कल्पना धावताना दिसेल, असा माझा आग्रह होता, आणि बहुमत त्या बाजूने झाले. जनतेने मात्र आमचा ठराव येण्यापूर्वीच आपला निकाल दिला होता. ज्याला शास्त्राने केंद्रकीय ऊर्जा म्हणावे, त्याला लोक अणुशक्ती म्हणू लागले, आणि त्या नावाचे नगरही मुंबईत वसले. अणू राहिला, केंद्रक गळून गेले. व्यवहाराला जेवढे पाहिजे तेवढेच तो ठेवतो.

आता या शब्दाचा दोष सांगितला पाहिजे, कारण तो माझ्याच शास्त्रात आहे आणि पुढे वर्गात परत गेल्यावर मला तो दरसाल भेटत राहिला. अणूचे केंद्रक मध्यभागी असते. पेशीचे असेलच असे नाही. वनस्पतीच्या प्रौढ पेशीत मधली सारी जागा मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते आणि केंद्रक बिचारे भित्तिकेशी चिकटून बसते. चरबीच्या पेशीत मेदाचा थेंब त्याला कडेला लोटतो. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या लांबच लांब तंतूत केंद्रके अनेक असतात आणि ती सारी कडेने. पॅरामेशियममध्ये ती दोन प्रकारची असतात, एक मोठे आणि एक लहान. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत तर ते नसतेच. सर्वांत उत्तम उदाहरण ॲसिटॅब्युलॅरिया नावाच्या सागरी शैवलाचे: ही एकच पेशी काही सेंटिमीटर उंच वाढते, तिला छत्रीसारखा माथा असतो आणि केंद्रक असते ते अगदी तळाशी, मुळासारख्या भागात. योआखिम हेमर्लिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात एका जातीच्या तळावर दुसऱ्या जातीचा देठ जोडून दाखवले की, नवा माथा उगवतो तो अखेर तळातल्या केंद्रकाच्या जातीचा. म्हणजे पेशीचा कारभार चालवणारी वस्तू पेशीच्या पायथ्याशी बसून हुकूम सोडते. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत मात्र प्रत्येक पेशीचे केंद्रक कंपासाने काढल्यासारखे बरोबर मधोमध! सूक्ष्मदर्शकात काय दिसते ते पाहून काढा म्हटले, तरी त्याची पेन्सिल शब्दाचे ऐके, डोळ्याचे नाही. आठळी म्हटले असते तर असे झाले नसते, कारण गऱ्यात आठळी कोठे असते याविषयी कोणाची काही भूमितीय अपेक्षा नसते. अण्णांच्या बाजूने एवढे तरी मान्य केले पाहिजे.

असे असूनही माझे मत केंद्रकाच्याच बाजूचे आहे, आणि त्याचे कारण त्याची संतती. परिभाषेचा शब्द एकटा कधीच येत नाही; त्याला विशेषण करावे लागते, क्रियापद करावे लागते, त्याच्याशी दुसरे शब्द जोडावे लागतात. १८६९ साली फ्रीड्रिख मीशरने ट्युबिंगेनमध्ये, रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींची केंद्रके वेगळी करून, त्यांतून जो पदार्थ काढला आणि ज्याला तो न्यूक्लिइन म्हणाला, त्यावरूनच पुढे न्यूक्लिइक आम्ल हे नाव झाले, आणि डीएनए या नावातले एक अक्षर आजही त्या मूळच्या फळाच्या गराकडे बोट दाखवते. केंद्रकापासून केंद्रकीय, बहुकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी, आदिकेंद्रकी असे शब्द विनासायास होतात आणि पाठ्यपुस्तकांत ते झालेलेही आहेत. आठळीपासून आठळीय, बहुआठळी करून पाहावे. ज्याला जमेल त्याने खुशाल करावे, पण शास्त्राच्या वाक्यात ते शब्द चालताना अडखळतात हे त्यालाही दिसेल. ज्या जमिनीत नांगर चालत नाही ती कितीही सुपीक असली तरी पडीकच राहते. घरगुती शब्दांच्या वाट्याला आमच्या भाषेत हे दुर्दैव आले, कारण त्यांना प्रत्यय लावण्याची सवय आम्ही शतकानुशतके संस्कृत शब्दांसाठी राखून ठेवली. हा दोष शब्दांचा नाही, सवयीचा आहे, आणि तो दुरुस्त करणे एका समितीच्या आवाक्यातले काम नव्हते.

प्रकरण मंजूर होऊन दफ्तरात गेले, शब्द पुस्तकांत गेला, आणि शास्त्रीबुवा व अण्णा दोघेही यथाकाल निवृत्त झाले. मीही काही वर्षांनी माझ्या महाविद्यालयात परत रुजू झालो. आज मराठी माध्यमातून विज्ञान शिकणारे मूल केंद्रक हा शब्द कोणतीही कुरकुर न करता म्हणते, आणि त्याच्या मागे अक्रोड, चाक, पराणी व जन्मपत्रिका उभ्या आहेत हे त्याला ठाऊक असण्याची गरजही नाही. शिक्षकांना मात्र माझी एक विनंती आहे. पेशी शिकवताना फळ्यावरची आकृती आधी काढू नये. आधी कांद्याची साल काचपट्टीवर ठेवावी, आयोडिनचा थेंब टाकावा, मुलांना पाहू द्यावे, आणि केंद्रक जेथे दिसेल तेथेच, भित्तिकेला टेकलेले असले तर तसेच, वहीत काढायला लावावे.